‘अ‍ॅम्नेशिया’चा शेवट इतका पोकळ का वाटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी ते मार्च २०१३ मध्ये जपानी टीव्हीवर आलेली ‘अ‍ॅम्नेशिया’ ही व्हिडिओ गेमवरून काढलेली १२ भागांची अ‍ॅनिमेटेड प्रेमकथा आजही नवे प्रेक्षक शोधून पाहतात, तिच्यात गुंततात आणि बाराव्या भागानंतर हिरमुसतात. त्यानंतर तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. खाली शेवटासकट सगळी कथा उघड केली आहे, त्यामुळे मालिका पाहायची असेल तर आधी ती पाहा.

मालिका कशाबद्दल आहे?

एक तरुणी १ ऑगस्टला भानावर येते तेव्हा तिला मागचं काहीच आठवत नाही. स्वतःचं घर, मैत्रिणी, नोकरी, प्रियकर, सगळं पुसलं गेलेलं. तिच्याशेजारी ओरायन नावाचा लहान मुलासारखा दिसणारा एक आत्मा असतो आणि तो फक्त तिलाच दिसतो. तो सांगतो की माझी तुझ्या मनाशी टक्कर झाली, मी आत अडकलो आणि तुझ्या आठवणी बाहेर फेकल्या गेल्या. त्या परत मिळवायच्या तर माणसांत राहायचं, त्यांच्याकडून धागेदोरे गोळा करायचे आणि आपल्याला काही आठवत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही.

ती एका कॅफेत काम करत असते. तिथली आणि ओळखीतली पाच तरुण मंडळी म्हणजे या कथेचे पाच नायक. शिन तिच्याहून लहान आणि फटकळ. इक्कीच्या डोळ्यांत बघितलं की मुली त्याच्यावर भाळतात, त्याचा अख्खा फॅन क्लब आहे. केंट गणितात रमणारा, भावनासुद्धा तर्काने सोडवू पाहणारा. तोमा लहानपणापासूनचा मित्र. आणि उक्यो, लांब केसांचा, गूढ, कधी प्रेमळ तर कधी भीतिदायक. दर काही भागांनी तिच्या डोळ्यांपुढे अंधार येतो आणि पुन्हा १ ऑगस्ट उजाडतो. मात्र जग दुसरं असतं आणि त्या जगात तिचा प्रियकरही दुसराच असतो.

नायिकेचं नाव काय?

तिला नाव नाही. १२ भागांत एकदाही कुणी तिला नावाने हाक मारत नाही, सगळे ‘तू’ म्हणून वेळ भागवतात. श्रेयनामावलीतही ती फक्त ‘नायिका’ आहे. तिला आवाज दिलाय काओरी नाझुका यांनी. त्या गुणी अभिनेत्री आहेत, पण त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा दचकणं, अडखळणं आणि अर्धवट सोडलेली वाक्यंच आली.

शेवटच्या भागात नेमकं काय होतं?

उक्यो सगळा उलगडा करतो. तो मुळात दुसऱ्याच जगातला. त्याच्या जगात ही मुलगी मेली. तिला पुन्हा भेटायचंच, असा हट्ट त्याने धरला आणि नील नावाच्या आत्म्याने तो पुरा केला. ओरायन याच नीलचा सेवक. तेव्हापासून उक्यो ती जिवंत असलेल्या जगांमधून फिरतोय. पण प्रत्येक जगासाठी तो उपरा आहे, त्यामुळे ते जग त्याला संपवू पाहतं. असा पुन्हा पुन्हा मरून त्याच्या मनाचे दोन तुकडे झालेत. एक तिला वाचवू पाहतो. दुसऱ्याला स्वतः जगायचंय आणि त्यासाठी तो तिचा जीव घ्यायला तयार आहे.

पुढे ओरायन तिच्या मनातून मोकळा होतो, निरोप घेतो आणि या आत्म्यांच्या शक्तीने ती आपल्या मूळ जगात परतते. ओळखीचे चेहरे दिसतात आणि मालिका थांबते.

मूळ जगात तिचा प्रियकर कोण?

मालिका सांगत नाही. प्रेक्षकांनी आपापला अंदाज बांधावा अशीच रचना आहे.

तिने कुणालाच निवडलं नाही, हाच शेवटाचा दोष का?

बहुतेक तक्रारी इथेच येऊन थांबतात. मला त्या अपुऱ्या वाटतात. नायिकेने कुणालाही न निवडता कथा उत्तम संपू शकते.

‘ला कोर्दा दोरो’ घ्या. २००६-०७ मधली २५ भागांची मालिका. तीही मुलींसाठीच्या प्रेमखेळावरून, म्हणजे प्रेमकथेच्या व्हिडिओ गेमवरून काढलेली, तिथेही नायिकेभोवती पाच देखणी मुलं. काहोको ही संगीताशी संबंध नसलेल्या विभागातली विद्यार्थिनी. एक परी तिला जादूचं व्हायोलिन देते आणि तिला थेट शाळेच्या संगीतस्पर्धेत ढकलते. ते व्हायोलिन तिच्याकडून आपोआप सुंदर वाजतं. मग एक दिवस त्याची तार तुटते, जादू संपते, आणि आपलं वाजवणं उसनं होतं ही लाज तिला सगळ्यांसमोर सोसावी लागते. त्यानंतर ती साधं व्हायोलिन हातात घेते आणि पहिल्यापासून शिकायला लागते. शेवटी ती पाचांपैकी कुणाचीच होत नाही आणि तरी समाधान वाटतं. कारण तिला काय हवंय हे आपल्याला कळलेलं असतं, ते मिळवण्यासाठी ती काय सोसते हे आपण पाहिलेलं असतं.

‘अ‍ॅम्नेशिया’च्या नायिकेला काय हवंय? आठवणी परत हव्यात, हे ओरायनने सांगितलेलं उद्दिष्ट. त्यापलीकडे? कुणाबद्दल राग, कुणाची ओढ, कशाचा ध्यास? १२ भाग पाहूनही याचं उत्तर देता येत नाही. न निवडणं हे त्याचं लक्षण आहे. आजार आधीपासून, पहिल्या भागापासून आहे.

पण स्मृती गेलेली मुलगी गोंधळलेली, गप्प राहणारच ना?

हा बचाव सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो वरवर बरोबरही वाटतो. सुरुवातीचे एक-दोन भाग तर तो पूर्ण लागू पडतो. समोरचा माणूस कोण हे माहीत नसताना तो आपला प्रियकर आहे असं वागणं किती भयंकर असेल! तिथे तिचं अडखळणं खरं वाटतं.

मात्र स्मृतिभ्रंश हा कथेत माणसाला हालचाल करायला लावणारा प्रसंग असतो. आपलंच आयुष्य आपल्याला अनोळखी झालं तर माणूस शोधाशोध करेल. खोलीतले कप्पे उघडेल, फोनमधले जुने संदेश वाचेल, मैत्रिणींना आडून आडून विचारेल, कोण खोटं बोलतंय याचा माग काढेल. तिच्या हातात फोन आहे, तिची स्वतःची खोली आहे, मिने आणि सावा या मैत्रिणी आहेत. मालिका या गोष्टी दाखवतेही. पण शोधाचं सूत्र तिच्या हाती जवळजवळ कधीच राहत नाही. माहिती तिला दुसरं कुणीतरी येऊन सांगतं, संकटातून दुसरं कुणीतरी बाहेर काढतं, आणि एखादा धागा हाती लागलाच तर ती त्याकडे नुसती बघत राहते.

शिवाय मालिकेत तिला आधीच्या जगांची आठवण राहते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या जगात पोहोचेपर्यंत ती कोरी पाटी नसते. इक्कीच्या फॅन क्लबची प्रमुख रिका काय करू शकते, हे तिला कळलेलं असतं. १ ऑगस्टचं चक्र कसं फिरतं, हेही तिने अनुभवलेलं असतं. एवढ्या अनुभवानंतर कुणीही थोडं सावध, थोडं धीट झालं असतं. ती मात्र पाचव्या जगातही पहिल्या दिवसासारखीच वागते. स्मृती गेली हे कारण इथे पुरत नाही, कारण जे तिने आठवणी गेल्यानंतर अनुभवलं तेही तिच्यात कुठेच मुरत नाही.

खेळात हीच नायिका खटकत नाही. मग मालिकेतच का?

‘अ‍ॅम्नेशिया’ हा मुळात ओतोमे गेम. म्हणजे मुलींना डोळ्यांसमोर ठेवून केलेला, वाचत-वाचत खेळायचा प्रेमखेळ. या प्रकाराची सुरुवात १९९४ मधल्या ‘आंजेलिक’पासून धरतात. तो कोएई कंपनीतल्या रुबी पार्टी या मुख्यतः स्त्रियांच्या गटाने केला होता. ‘अ‍ॅम्नेशिया’ २०११ मध्ये ओतोमेट या नाममुद्रेखाली पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला.

या खेळात सुरुवातीलाच पत्त्यांच्या रंगांमधून एक जग निवडायचं असतं. बदाम निवडलं की शिन, इस्पिक निवडलं की इक्की, किलवरला केंट, चौकटला तोमा. हे चारही पार पडले की जोकरचं जग उघडतं आणि तिथे उक्यो भेटतो. प्रत्येक संवादात काय बोलायचं, खरं सांगायचं की लपवायचं, थांबायचं की पळायचं, हे खेळणारी ठरवते. त्यावर समोरच्याचं प्रेम, विश्वास आणि संशय वाढतात किंवा घटतात, आणि त्या हिशोबावर शेवट सुखाचा होतो की भीषण, हे ठरतं.

अशा खेळात नायिका मुद्दाम अस्पष्ट ठेवलेली असते. ती एक रिकामी खुर्ची आहे आणि तिच्यात खेळणारीने बसायचं असतं. आपण संशय घेतो, आपण चुकतो, चुकीच्या उत्तराने तिचा जीव गेला की आपल्याला हळहळ वाटते. नायिकेची इच्छाशक्ती आपण पुरवतो. मालिका करताना त्या खुर्चीतून खेळणारी उठली आणि तिच्या जागी कुणालाच बसवलं नाही. कॅमेरा मात्र तिच्यावरच रोखलेला राहिला.

म्हणून खेळ आवडलेल्यांना मालिकेवरचा राग समजत नाही आणि फक्त मालिका पाहिलेल्यांना खेळावरचं प्रेम समजत नाही. दोघांनी अनुभवलेली नायिका वेगवेगळी आहे.

पाचही जगं एकामागून एक जोडली, त्याने काय बिघडलं?

खेळातली पाच जगं एकमेकांना पर्याय आहेत. इक्कीचं जग सुरू केलं की शिनशी जुळलेलं नातं तिथे लागू नसतं. मालिकेने त्या पर्यायांची एक सलग वाट केली. कल्पना धाडसी होती आणि ती फुलवता आली असती. पण सलग वाट म्हटली की वाटसरू बदलायला हवा. शिनच्या जगात जे नातं हळूहळू जवळ आलं ते हातातून निसटलं, याचं दुःख तिला इक्कीच्या जगात व्हायला हवं होतं. दुसऱ्या जगातला शिन कॅफेत समोर उभा राहतो आणि तिला परक्यासारखं वागवतो, हा प्रसंग किती हृदयद्रावक करता आला असता! त्यावर मालिका क्षणभर रेंगाळते आणि लगेच पुढच्या तरुणाकडे वळते.

एक गंमतीचा तपशील सांगते. कॅफेचा व्यवस्थापक वाका प्रत्येक जगात निराळ्या स्वभावाचा असतो. एक दुय्यम पात्र जगागणिक इतकं बदलतं, आणि जिच्या डोळ्यांनी आपण सगळं पाहतो ती तशीच राहते.

भाग कमी होते म्हणून असं झालं का?

थोडंफार. १२ भाग म्हणजे सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळून सव्वाचार तासांच्या आसपास, आणि त्यात पाच प्रेमकथा. दिग्दर्शक योशिमित्सु ओहाशी आणि मालिकेची मांडणी करणाऱ्या तोको माचिदा यांच्यापुढचं काम अवघडच होतं. पण निर्णय घेणारी नायिका दाखवायला तास लागत नाहीत. एक प्रसंग पुरतो.

तोमाचा पिंजरा: त्याबद्दल इतका वाद का?

कारण मालिकेतला सगळ्यात गंभीर प्रसंग तोच आहे आणि शेवट त्याला सामोरा जात नाही.

तोमाच्या जगात इक्कीच्या फॅन क्लबमधल्या मुली नायिकेला छळतात. तोमा तिला सुरक्षित ठेवायचं म्हणून आपल्या घरी ठेवून घेतो. मग तिच्या पेयात औषध मिसळतो. मग तिला माणूस मावेल एवढ्या पिंजऱ्यात कोंडतो. हे सगळं तो मवाळ, काळजीच्या स्वरात करतो आणि म्हणूनच ते पाहताना अंगावर काटा येतो. प्रेमाच्या नावाखाली ताबा कसा घेतला जातो, बाहेरच्या धोक्याचं कारण पुढे करून घरातला माणूसच कसा धोका होतो, याचं हे चित्र नेमकं आहे. लिहिणाऱ्यांना ते कळत होतं, असंच वाटतं.

अशा वेळी पिंजऱ्यातल्या बाईचं मन हे कथेचं केंद्र असायला हवं. ती काय ठरवते? ती त्याला माफ करणार असेल तर कशामुळे? करणार नसेल तर ते त्याच्या तोंडावर कशी सांगते? मालिकेत तिची भीती दिसते, पण ती पुरेशी चिडतसुद्धा नाही. तोमाच्या वेदनेला, त्याच्या एकतर्फी प्रेमाच्या इतिहासाला जेवढी जागा मिळते तेवढी तिच्या संतापाला मिळत नाही. मग जग बदलतं. पुढच्या जगातला तोमा हसतमुख मित्र असतो आणि घडलेल्या गोष्टीचा जाब कुणीच, कधीच विचारत नाही.

खेळात हा भाग गाजला आणि तोमाचे चाहते मोठ्या संख्येने आहेत. त्यांना कमी लेखायचं कारण नाही. कल्पनेतलं भय अनुभवण्यात गैर काही नाही. खेळात तिथेही पर्याय निवडणारं कुणीतरी असतं. मालिकेत फक्त सोसणारं आहे, आणि सोसणं हेच प्रेमाचं उत्तर आहे असा अर्थ त्यातून निघतो. माझा आक्षेप त्या अर्थाला आहे.

उक्योची कथा तरी चांगली आहे ना?

खूपच. प्रिय व्यक्ती जिवंत असलेलं जग शोधत फिरायचं आणि त्या प्रत्येक जगाने आपल्याला मारून टाकायचं, ही कल्पना पाचांमध्ये सर्वांत करुण आहे. कौकी मियाता यांनी उक्योचे दोन्ही स्वभाव आवाजातून फार चांगले वेगळे केले आहेत.

पण मग शेवट कुणाचा होतो? इच्छा उक्योची, ती पुरी करणारा नील, चुकीने अडकलेला ओरायन आणि परत पाठवणारी शक्तीही त्याच आत्म्यांची. ज्या मुलीवर हे सगळं गुदरलं तिच्या हातून काय घडलं? ती ऐकते, रडते, निरोप घेते. ज्याच्यामुळे आपण इतक्या वेळा मरता मरता वाचलो त्या माणसाशी कसं वागायचं, हा तिचा निर्णय असू शकला असता. कथेतला एवढा मोठा नैतिक प्रश्न तिच्यापुढे ठेवलाच गेला नाही.

म्हणजे शांत, मवाळ नायिका नकोच का?

असं मुळीच नाही. ‘हाकुओकी’ची चिझुरु बघा. ही मालिकाही ओतोमे गेमवरूनच, २०१० मधली. जपानमधल्या शोगुनशाहीच्या, म्हणजे सेनापतींच्या राजवटीच्या, अखेरच्या काळातल्या शिन्सेनगुमी या तलवारबाजांच्या दलासोबत राहणारी ही मुलगी फार कमी बोलते, पुष्कळदा तिला वाचवावं लागतं. तिच्यावरही निष्क्रियतेचा आरोप होतो. पण उत्तरेच्या अखेरच्या मोहिमेआधी दलाचा उपप्रमुख हिजिकाता तिला मागे ठेवून जातो, तेव्हा ती त्याचा शब्द मोडून एझोला, म्हणजे आजच्या होक्काइदोला, त्याच्या मागे जाते. तो एक निर्णय पूर्णपणे तिचा आहे. त्यामुळे त्यांचा शेवट मनाला लागतो. शांत स्वभाव आणि इच्छा नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जपानी प्रेमकथांमध्ये बायका अशाच दाखवतात, हे खरं का?

नाही, आणि हा समज लवकर सुटला तर बरं. २०१४-१५ मधल्या ‘आकात्सुकी नो योना’मध्ये लाडावलेली राजकन्या स्वतःच्या हाताने केस कापते, धनुष्य शिकते आणि आपलं राज्य नव्याने ओळखते. २०२० च्या ‘माय नेक्स्ट लाइफ अ‍ॅज अ व्हिलनेस’मधली कातारिना तर ओतोमे गेमच्याच जगात खलनायिका म्हणून जन्मते आणि दुर्दैवी शेवट टाळण्यासाठी लहानपणापासून कुदळ घेऊन शेती करते. दोन्ही कथा मुख्यतः मुलींच्या आवडत्या. ‘अ‍ॅम्नेशिया’चा दोष तिच्या मांडणीचा आहे, देशाचा नव्हे.

मालिकेत चांगलं काय आहे?

माई हानामुरा यांची पात्ररचना. अंगावर दोन बाजू एकसारख्या नसलेले कपडे, पट्टे, चौकटी, पत्त्यांची चिन्हं, एका रंगातून दुसऱ्या रंगात मिसळत जाणारे डोळे. एखादं चित्र थांबवून बघत बसावं असं ते काम आहे. यानागी नागी यांचं सुरुवातीचं ‘झोएट्रोप’ हे गाणं अजूनही कानात राहतं. पहिल्या दोन-तीन भागांतलं गूढ पक्कं बांधलेलं आहे. आणि इक्की-केंटची मैत्री. दोघं एकमेकांना गणिताची कोडी घालतात आणि एकमेकांच्या प्रेमात नाक खुपसतात, ते सगळं मनापासून आवडण्यासारखं आहे.

शेवट कसा असता तर पटला असता?

मला कुठलाही एक नायक ठरलेला नको होता. मूळ जगात परतल्यावर तिने एक गोष्ट स्वतःहून करायला हवी होती. पाचही जगांत तिला काय मिळालं हे फक्त तिलाच माहीत आहे. शिनचा फटकळपणा कुठून येतो, इक्की किती एकटा आहे, केंटला माफी मागता येत नाही, तोमाच्या काळजीत काय दडलंय. या ज्ञानाने ती कॅफेचं दार उघडते आणि एका माणसाशी आधीपेक्षा वेगळं वागते, एवढं पुरलं असतं. तोमाला ती सौम्यपणे पण स्पष्ट सांगते की माझी काळजी मला विचारून घे. किंवा उक्योला शोधायला ती स्वतः निघते. आणि तिने कुणाला तरी आपलं नाव सांगितलं असतं, तर मी मागचे सगळे दोष विसरले असते.

आता मालिका पाहावी, की सरळ खेळच खेळावा?

कथेसाठी खेळ. त्याची इंग्रजी आवृत्ती ‘अ‍ॅम्नेशिया: मेमरीज’ २०१५ पासून संगणकावर मिळते. इंग्रजी वाचायची तयारी मात्र हवी, कारण सगळा खेळ वाचण्याचाच आहे. माझा सल्ला: शिनपासून सुरुवात करा, मग इक्की आणि केंट, तोमा चौथा ठेवा. उक्यो शेवटीच उघडतो. वाईट शेवट टाळू नका, काही फार परिणामकारक आहेत. औषध देणं, कोंडून ठेवणं, मृत्यू हे विषय त्रासदायक होत असतील तर तोमाचं आणि उक्योचं जग सोडून दिलेलं बरं. पहिल्या तीन कथा त्यांच्यावाचूनही पूर्ण वाटतात. मालिका त्यानंतर पाहा, चित्रांसाठी आणि गाण्यासाठी.